संकेतस्थळावरील दुव्यांची शिस्त

विषयाचे प्रयोजन

शाळेच्या घंटेला स्वतःची अशी एक भाषा असते. तास संपल्याचा टोल, मधल्या सुट्टीचा टोल आणि शाळा सुटल्याची लांब घणघण यांतील भेद पहिलीतील मूलही थोड्याच दिवसांत ओळखू लागते. हा भेद त्यास कोणी व्याख्या सांगून शिकवीत नाही. एका खुणेमागून रोज एकच गोष्ट घडते, एवढ्यावरून मूल तो आपोआप शिकते. आता असे समजावे की, एखाद्या शाळेत लांब घणघण कधी शाळा सुटल्याची, कधी प्रार्थनेची, तर कधी पाहुणे आल्याची म्हणून होऊ लागली. पहिल्या दिवशी मुले दप्तरे उचलून धावतील आणि रागावून घेतील. दुसऱ्या दिवशी ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. पंधरा दिवसांनी ती घंटेकडे लक्षच देईनाशी होतील. घंटा तीच, तिचा आवाजही तोच. परंतु तिच्या शब्दाला किंमत उरणार नाही.

संगणकाच्या अथवा मोबाईलच्या पडद्यावर जी पाने वाचावयास मिळतात, त्यांतील दुवा, म्हणजे व्यवहारात ज्यास लिंक म्हणतात तो, अशीच एक खूण होय. निळ्या अक्षरांतील, खाली रेघ ओढलेला शब्द दाबला असता दुसरे पान उघडते, हे वाचक अनुभवाने शिकतो. एकाच संकेतस्थळावर एक दुवा एका प्रकारे आणि दुसरा दुवा दुसऱ्या प्रकारे वागू लागला, तर घंटेच्या बाबतीत मुलांचे जे झाले, तेच वाचकाचे होते.

प्राथमिक शिक्षकास या विषयाचा विचार तीन नात्यांनी करावा लागतो. पटाची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, प्रशिक्षणाची नोंद इत्यादी कामे आज संकेतस्थळांवर होत असल्यामुळे तो स्वतः वाचक आहे. कित्येक शिक्षक आपल्या शाळेचे पान स्वतः तयार करतात. त्या अर्थाने तो रचनाकारही आहे. आणि पुढे जन्मभर याच साधनाने वाचणारी मुले त्याच्या हाताखाली शिकत असल्यामुळे तो या वाचनाचा गुरूही आहे. प्रस्तुत पाठात दुव्याचे स्वरूप, त्याच्या वागण्यातील विसंगती, तीपासून होणारी हानी आणि तिचे निवारण यांचा क्रमाने विचार केला आहे. अखेरीस, वीज वा संगणक नसतानाही वर्गात घेता येईल असा एक पाठ दिला आहे.

दुवा आणि त्याची खूण

छापील पुस्तकात "पृष्ठ ४२ पाहा" अशी सूचना असते, तेव्हा पाने उलटण्याचे काम वाचक स्वतः करतो. आपण कोठून निघालो, कोठे आलो आणि परत कोठे जावयाचे, हे त्याच्या बोटांना ठाऊक असते. दुव्यामध्ये हे काम यंत्रावर सोपविलेले असते. दाबण्यापूर्वी पुढचे पान दिसत नाही. वाचकाजवळ असतो तो केवळ दुव्याचा शब्द, आणि त्या शब्दावर विश्वास ठेवूनच तो पुढे जातो. या दृष्टीने पाहता दुवा हे रचनाकाराने वाचकास दिलेले एक लहानसे वचन होय.

परस्परांत असे गुंफलेल्या मजकुरास "हायपरटेक्स्ट" हे नाव अमेरिकेतील टेड नेल्सन यांनी दिले. १९६५ साली त्यांच्या एका निबंधात ते छापून आले. पुढे स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहराजवळच्या "सर्न" या संशोधनसंस्थेत काम करणारे इंग्रज तज्ज्ञ टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये, संस्थेतील विखुरलेली माहिती दुव्यांनी जोडण्याची योजना मांडली. १९९० च्या अखेरीस त्यांचा पहिला ब्राउझर, म्हणजे अशी पाने दाखविणारा कार्यक्रम, चालू झाला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे सारे तंत्र सर्व जगास विनामूल्य खुले केले. आज ज्यास वेब म्हणतात ते हेच.

प्रारंभी दुव्याची खूण एकच नव्हती. साध्या अक्षरी पडद्यांसाठी १९९१ च्या सुमारास केलेल्या एका ब्राउझरमध्ये दुव्याच्या शब्दापुढे कंसात क्रमांक छापला जाई, आणि वाचकाने तो क्रमांक टंकित केला की पुढचे पान येई. १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी "मोझेक" हा ब्राउझर तयार केला. त्याच्या एप्रिल १९९३ मधील एका आवृत्तीत असे ठरले की, न पाहिलेला दुवा निळा असावा व त्याखाली अखंड रेघ असावी. पाहून झालेला दुवा गडद जांभळा असावा व त्याखाली तुटक रेघ असावी.

या योजनेतील शहाणपण शिक्षकाच्या सहज ध्यानी येईल. निळ्या रंगाने वाचकास "येथून वाट आहे" असे कळे, आणि जांभळ्या रंगाने "या वाटेने तू जाऊन आला आहेस" असे कळे. तपासलेल्या वहीवर शिक्षक खूण करून ठेवतो आणि तीच वही पुन्हा हाती आल्यास त्याचा वेळ वाचतो, तसाच हा प्रकार होता. रेघ होती म्हणून रंग नीट न ओळखू शकणाऱ्या वाचकाचीही सोय होत होती.

डिसेंबर १९९६ मध्ये पानाचा मजकूर आणि त्याची सजावट वेगळी ठेवणारी "सीएसएस" ही नियमभाषा प्रमाण म्हणून मान्य झाली. ती अत्यंत उपकारक ठरली, यात शंका नाही. परंतु तिच्यामुळे एका ओळीच्या आज्ञेने सर्व दुव्यांखालची रेघ काढून टाकणे रचनाकाराच्या हाती आले. शोभेसाठी खुणा पुसल्या जाऊ लागल्या, आणि दोष वाढू लागले.

विसंगतीचे चार प्रकार

दुव्यांतील विसंगतीचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात.

(१) रूपातील विसंगती. एका पानावर दुवा निळा, दुसऱ्यावर तांबडा, तिसऱ्यावर साध्या अक्षरांसारखाच काळा. त्याहून वाईट म्हणजे केवळ महत्त्व दाखविण्यासाठी साध्या शब्दाखाली रेघ ओढलेली असते. वाचक तो शब्द पुन्हा पुन्हा दाबतो आणि काहीच घडत नाही. हाती लिहिताना महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ ओढण्याची सवय शिक्षकास असतेच. पडद्यावर मात्र रेघेला वेगळा अर्थ आलेला आहे, हे विसरता कामा नये.

(२) वर्तनातील विसंगती. दिसण्यात सारखे असलेले दुवे वागण्यात निराळे असतात. एक दुवा त्याच खिडकीत पान उघडतो, दुसरा नवी खिडकी उघडतो, तिसरा फाईल उतरवून घेऊ लागतो, चौथा पत्र पाठविण्याचा कार्यक्रम समोर आणतो, आणि पाचवा त्याच पानावर खाली घेऊन जातो. यांतील प्रत्येक क्रिया आपापल्या जागी योग्य असू शकते. कोणता दुवा काय करणार हे दाबण्यापूर्वी कळत नाही, हा दोष होय.

(३) नावातील विसंगती. एकाच पानावर "अधिक माहिती" हे शब्द चार ठिकाणी असतात आणि ते चार निरनिराळ्या पानांकडे जातात. उलटपक्षी "अर्ज", "नोंदणी" आणि "प्रवेश" अशी तीन नावे एकाच पानाकडे नेतात, आणि वाचक तीन वेळा फिरून त्याच उंबरठ्यावर येतो.

(४) काळातील विसंगती. काल चालणारा दुवा आज चालत नाही. पान हलविले गेले अथवा पुसले गेले, आणि वाचकास "४०४" या आकड्याची सूचना दिसते. मागितलेले पान सापडत नाही, असा तिचा अर्थ आहे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी सुमारे ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर मिळेनाशी झाली होती. पान हलविणे कधी कधी अपरिहार्य असते. तथापि जुन्या पत्त्यावर येणाऱ्यास आपोआप नव्या पत्त्याकडे पाठविण्याची सोय वेबमध्ये आहे. घर बदलणारा गृहस्थ टपाल कचेरीस नवा पत्ता देऊन जातो, त्यासारखीच ही सोय होय. बर्नर्स-ली यांनी १९९८ साली एक टिपण लिहून, पत्ता न बदलणे ही रचनाकाराचीच जबाबदारी आहे, असे बजावले होते.

पाठ्यपुस्तकातील पानावर छापलेला क्यूआर कोड हाही एक दुवाच आहे. पडद्यावरील चुकीचा दुवा दुरुस्त करता येतो. छापलेला कोड मुलाच्या दप्तरात वर्षभर तसाच राहतो. म्हणून कागदावर छापावयाच्या दुव्याचा पत्ता तर अधिकच विचारपूर्वक ठरवावा लागतो.

दोष कोणाचा?

दुसऱ्या प्रकारच्या विसंगतीने काय घडते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू जाता येईल. समजा, एका द्विशिक्षकी शाळेतील बाई आपल्या वर्गातील मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज संकेतस्थळावर भरीत आहेत. मुदतीचा शेवटचा दिवस आहे, आणि मोबाईलला जाळे मिळावे म्हणून त्या शाळेच्या ओट्यावर बसल्या आहेत. मुलीची आई मजुरीचा खाडा करून कागदपत्रे घेऊन शेजारी बसली आहे. पहिल्या पानावरील सर्व दुवे नव्या खिडकीत उघडत होते. ती खिडकी बंद केली की मूळ पान जसेच्या तसे मिळत होते. ही रीत बाईंच्या अंगवळणी पडली. अर्ज निम्म्याहून अधिक भरून झाला असता एका रकान्यापाशी त्यांना शंका आली, म्हणून त्यांनी तेथील "सूचना वाचा" हा दुवा दाबला. हा दुवा मात्र त्याच खिडकीत उघडला. परत येऊन पाहतात तो सर्व रकाने रिकामे!

अशा वेळी बाईंच्या तोंडून निघणारे उद्गार प्रत्येक शिक्षकाने ऐकलेले असतील: "माझ्याच हातून काही चुकले. मला हे जमतच नाही." शेजारी बसलेली आई तर याहून पुढे जाते. "आम्हा अडाण्यांचे हे काम नव्हे," असे म्हणून ती कागद आवरू लागते. येथे वस्तुतः बाईंची काहीएक चूक नाही. त्यांनी पहिल्या पानावरून योग्य तो नियम शोधला आणि पुढे तो लागू केला. हीच तर उत्तम विद्यार्थ्याची रीत! नियम मोडला तो रचनेने. आणि तरीही अपराधीपणा वाटला तो वाचकास.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली रोजच्या वापरातील वस्तूंच्या रचनेवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी दरवाजाचे उदाहरण घेतले आहे. दार ढकलावयाचे की ओढावयाचे हे पाहताक्षणी कळत नसेल, तर माणूस चुकतो आणि वरमतो. परंतु चूक दाराची असते. सदोष वस्तू हाताळताना माणसे स्वतःलाच दोष देतात, हे त्यांचे निरीक्षण दुव्यांच्या बाबतीत तंतोतंत लागू पडते.

संकेतस्थळांच्या सुलभतेचा अभ्यास करणारे डॅनिश तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी १९९६ साली रचनेतील दहा मोठ्या चुका सांगितल्या. दुव्यांचे रूढ रंग बदलणे ही त्यांतील एक होती. १९९९ साली त्यांनी चुकांची नवी यादी केली. तीत परत फिरण्याची कळ निकामी करणे आणि न सांगता नव्या खिडक्या उघडणे यांना अग्रस्थान दिले. नव्या खिडकीत मागे जाण्यासारखे काही नसल्यामुळे ती कळ चालत नाही, आणि मोबाईलच्या लहान पडद्यावर तर दोन खिडक्या शेजारी शेजारी दिसतही नाहीत. नवा वाचक ती कळ चारदा दाबतो आणि मोबाईल बिघडला असे समजतो. वाचकाचा बहुतेक वेळ इतर संकेतस्थळांवर जातो, म्हणून तो तेथल्या सवयी घेऊनच येथे येतो, हेही नील्सन यांनी दाखवून दिले आहे.

डोळ्यांनी न पाहणारा वाचक

अंध वाचक पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या कार्यक्रमाच्या साहाय्याने वाचतो. त्यास निळा रंग वा रेघ दिसत नाही. कार्यक्रम "दुवा" असे उच्चारून पुढे दुव्याचे शब्द वाचतो. वेळ वाचावा म्हणून पानावरील सर्व दुव्यांची यादीही ऐकता येते. आता त्या यादीत "येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा" एवढेच ऐकू आले, तर त्या वाचकाने काय समजावे? शिक्षकाने वर्गातील हजेरी घेताना प्रत्येकास "मुला" अशीच हाक मारावी, त्यातला हा प्रकार. तसेच न सांगता नवी खिडकी उघडली, तर आपण दुसरीकडे आलो आहोत हेच त्यास कळत नाही.

याकरिता वेबचे नियम ठरविणाऱ्या जागतिक संस्थेने डिसेंबर २००८ मध्ये सुगम्यतेच्या नियमावलीची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध केली. २०१८ व २०२३ साली तीत भर घालण्यात आली. दुव्याचा हेतू त्याच्या शब्दांवरून अथवा लगतच्या मजकुरावरून कळला पाहिजे. एकाच कामाच्या खुणेस सर्वत्र एकच नाव असले पाहिजे. केवळ रंगावर भिस्त ठेवू नये. आणि पानाचे वागणे अगोदर ओळखता येण्याजोगे असावे, अशी तिची आवश्यकता आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीही २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रथम प्रसिद्ध झाली व २०२३ साली त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. बाहेरच्या संकेतस्थळाकडे जाताना वाचकास तशी सूचना मिळावी, हे त्या तत्त्वांतही आहे.

नवी खिडकी केव्हा योग्य?

एवढ्यावरून नवी खिडकी सर्वथा वर्ज्य आहे, असा समज होऊ नये. वर सांगितलेल्या अर्जाच्या उदाहरणात सूचनांचे पान नव्या खिडकीत उघडणेच हिताचे होते, कारण त्यामुळे भरलेली माहिती सुरक्षित राहिली असती. तेव्हा नियम असा नाही की, सर्व दुव्यांनी एकच गोष्ट करावी. नियम असा आहे की, सारख्या दिसणाऱ्या दुव्यांनी सारखे वागावे, आणि ज्या दुव्यास निराळे वागावयाचे असेल त्याने ते अगोदर सांगावे. "सूचना (नव्या खिडकीत उघडेल)" एवढे चार शब्द पुरेसे असतात. फाईल उतरणार असेल तर "वेळापत्रक (पीडीएफ, २ एमबी)" असे लिहावे. ज्या पालकाचा दिवसाचा डेटा मोजका आहे, त्यास आपण काय खर्च करीत आहोत हे अगोदर कळते.

फसव्या दुव्यापासून सावधगिरी

विसंगतीची आणखी एक हानी आहे आणि ती सर्वांत गंभीर आहे. लबाड माणसे बँकेच्या वा सरकारी योजनेच्या नावाने संदेश पाठवितात. त्यातील दुव्याचे शब्द एक सांगतात आणि पत्ता दुसरीकडेच नेतो. जागरूक वाचक दाबण्यापूर्वी पत्ता पाहतो. संगणकावर माउसचा बाण दुव्यावर ठेवला असता आणि मोबाईलवर दुवा काही वेळ दाबून धरला असता खरा पत्ता बहुधा दिसतो. दुव्याच्या वागण्यात काही वावगे दिसले, तर तो थांबतो. परंतु प्रामाणिक संकेतस्थळांनीच वाचकास वावग्या वागण्याची सवय लावली असेल, तर फसव्या दुव्याचे वावगेपण त्याच्या ध्यानी येणार कसे? घंटा रोज खोटी वाजत असेल, तर खऱ्या संकटाची घंटा कोणी ऐकत नाही. म्हणून दुव्यांची शिस्त हा सौंदर्याचा प्रश्न नसून वाचकाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

वर्गातील पाठ : कागदी संकेतस्थळ

इयत्ता : पाचवी ते सातवी. वेळ : दोन तासिका. साहित्य : जुन्या वहीचे कोरे पुठ्ठे अथवा जाड कागद, निळा व काळा खडू किंवा रंगीत पेन, टाचण्या.

पूर्वतयारी. शिक्षकाने "आपले गाव" या विषयावर आठ कागद तयार करावेत : गाव, शाळा, पाणी, बाजार, शेती, देऊळ, दवाखाना व एसटी. प्रत्येक कागदावर तीन-चार वाक्ये असावीत, आणि त्यांतील काही शब्द निळ्या अक्षरांत लिहून अधोरेखित करावेत. निळा शब्द "बाजार" असेल तर मुलाने बाजाराच्या कागदाकडे जावयाचे, असा संकेत ठेवावा. हा झाला पहिला संच; यात सर्व दुवे नियमाने वागतात.

दुसऱ्या संचात हेच आठ कागद पुन्हा लिहावेत, मात्र त्यांत मुद्दाम विसंगती ठेवावी. काही निळे शब्द कोठेच नेत नाहीत. त्यांच्या मागे "काही नाही" असे लिहावे. काही काळे शब्द वस्तुतः दुवे असतात. दोन ठिकाणी केवळ "येथे पाहा" असे असते. एक दुवा "दवाखाना" असे म्हणतो आणि शेतीकडे नेतो. एका दुव्यावर मुलास वर्गाबाहेर, व्हरांड्यात लावलेल्या कागदाकडे जावे लागते आणि तेथून परतीचा दुवा नसतो.

कृती. दोन्ही संच समोरासमोरच्या भिंतींवर लावावेत. वर्गाचे दोन गट करून दोन्ही गटांस एकच प्रश्न द्यावा : "बाजाराच्या दिवशी तालुक्यास जाणारी एसटी किती वाजता सुटते?" उत्तर बाजाराच्या व एसटीच्या कागदांवर मिळून असावे. प्रत्येक गटातील एका मुलाने किती पावले व्यर्थ गेली, हे फळ्यावर रेघांनी मोजावे. नंतर गटांची अदलाबदल करावी व दुसरा प्रश्न द्यावा.

चर्चा. खेळ संपल्यावर शिक्षकाने दुसऱ्या संचावर अडलेल्या मुलांस प्रथम एवढेच विचारावे : "अडलात तेव्हा मनात काय आले?" बहुधा काही मुले "आम्हाला शोधता आले नाही" असे म्हणतील. येथेच घाई न करता विचारावे : "चूक शोधणाऱ्याची की कागदाची?" मुलांनी दोन्ही संच शेजारी ठेवून स्वतः निर्णय करावा, शिक्षकाने तो आधी सांगू नये. हा प्रश्न म्हणजे या पाठाचा गाभा होय. आपण अडलो ते आपल्या अक्षमतेमुळे की समोरच्या मांडणीमुळे, हे ओळखण्यास शिकलेले मूल पुढे कोणत्याही यंत्रापुढे भिणार नाही.

उपयोजन. शेवटी प्रत्येक गटाने दुसऱ्या संचातील दोन कागद दुरुस्त करावेत. ज्या शाळेत मोबाईल वा संगणक उपलब्ध असेल, तेथे मुलांनी एखादे खरे पान पाहून त्यावरील दुवे रूप, वर्तन, नाव व काळ या चार कसोट्यांवर तपासावेत.

शाळेचे पान तयार करताना

शाळेचे पान स्वतः तयार करणाऱ्या शिक्षकाने पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. सर्व पानांवर दुव्याचा रंग एकच ठेवावा, त्याखाली रेघ असू द्यावी आणि दुवा नसलेल्या शब्दाखाली रेघ ओढू नये.

२. दुव्याचे शब्द स्वतंत्रपणे वाचले तरी अर्थ कळावा. "येथे क्लिक करा" याऐवजी "चौथीचे वेळापत्रक" असे लिहावे.

३. एका पानास सर्वत्र एकच नाव द्यावे.

४. दुवा त्याच खिडकीत उघडू द्यावा. नवी खिडकी, फाईल वा बाहेरचे संकेतस्थळ असेल तर ते दुव्यातच सांगावे.

५. मोबाईलवर बोट टेकविताना शेजारचा दुवा दाबला जाऊ नये, इतके अंतर दोन दुव्यांत ठेवावे.

६. प्रत्येक सत्राच्या आरंभी सर्व दुवे एकदा स्वतः दाबून पाहावेत. मोडलेला दुवा दुरुस्त करावा अथवा काढून टाकावा.

७. पान तयार झाल्यावर ते पूर्वी न पाहिलेल्या एखाद्या पालकाच्या हाती द्यावे आणि काही न सांगता शेजारी बसून पाहावे. पालक जेथे थबकेल, तेथे पान दुरुस्त करावयाचे आहे असे समजावे. पालकास समजावून सांगत बसू नये.

या सात गोष्टींना खर्च लागत नाही आणि विशेष तंत्रज्ञानही लागत नाही. फळ्यावर मागच्या बाकावरील मुलासही दिसेल असे अक्षर काढणे, रोज त्याच वेळी घंटा देणे, आणि सांगितलेली गोष्ट सांगितल्याप्रमाणे करणे, या शिक्षकाच्या नित्याच्याच सवयी आहेत. त्याच सवयी पडद्यावरील पानात उतरल्या म्हणजे ओट्यावर बसलेल्या त्या आईस कागद आवरून परत जावे लागणार नाही.

स्वाध्याय

१. आपण नेहमी वापरीत असलेल्या एखाद्या संकेतस्थळावरील दहा दुवे दाबून पाहा आणि प्रत्येकाचे वर्तन वहीत नोंदवा. सारखे दिसणारे किती दुवे निराळे वागले?

२. "येथे क्लिक करा", "अधिक वाचा" व "डाउनलोड" या तीन दुव्यांस अर्थपूर्ण नावे द्या.

३. केवळ रंगाने दाखविलेला दुवा कोणत्या वाचकांस अडचणीचा ठरतो? कारणे द्या.

४. नवी खिडकी उघडणे हितावह ठरेल असे एक उदाहरण स्वतः शोधा आणि त्या दुव्याचे शब्द लिहा.

५. "कागदी संकेतस्थळ" हा पाठ आपल्या वर्गात घेऊन, अडलेल्या मुलांनी दिलेली उत्तरे नोंदवा व केंद्राच्या पुढील बैठकीत त्यांवर चर्चा करा.